हळू म्हणजे किती हळू?

फार पूर्वी, पक्ष्यांना अर्ज लिहिता यायचे तेव्हा, एका जुन्या उंबरावर बांधकाम परवाना समिती भरायची. घुबडराव अध्यक्ष, साळुंकीबाई सचिव. एकदा सुतारपक्षीण अर्ज घेऊन आली. तिला त्याच उंबराच्या खोडात ढोली कोरायची होती आणि बाहेर पानाची पाटी लावायची होती: ‘हळू बोला, पिल्लं झोपलीत.’

“अहो, पंधरा दिवसांत अंडी घालायचीत मला,” ती काकुळतीने म्हणाली.

“अंडी आमच्या खात्यात येत नाहीत,” साळुंकीबाई म्हणाल्या. “पाटीचं बोला. हळू म्हणजे नक्की किती हळू?”

यावर तीन बैठका झाल्या. एवढा गहन विषय, घाई करून कसं चालेल?

चौथ्या बैठकीत जागेची मोजणी निघाली. सुतारपक्षिणीने खोडावर चोच मारली आणि ती दचकलीच. “घुबडराव, खोड आतून पोकळ आहे हो! वाळवी लागलीय! उठा सगळे!”

“वाळवीचा अर्ज आलाय?” घुबडरावांनी विचारलं.

साळुंकीबाईंनी कागद चाळले. “नाही.”

“मग वाळवी नाही. पुढचा विषय.”

सुतारपक्षीण तडक शेजारच्या आंब्यावर गेली आणि कुणालाही न विचारता ढोली कोरू लागली.

महिन्याभराने उंबर कोसळला. समिती फांद्यांतून धडपडत बाहेर आली, पंख झटकले आणि आडव्या खोडावरच पाचवी बैठक भरली. परवान्याशिवाय पडल्याबद्दल उंबराला नोटीस निघाली. सुतारपक्षिणीचा अर्ज मात्र मंजूर झाला, ढोली याच खोडात कोरण्याच्या अटीवर.

ही आनंदाची बातमी साळुंकीबाईंनी आंब्याखाली जाऊन मोठ्याने वाचली.

“शूऽऽ,” वरून सुतारपक्षीण म्हणाली, “आधी पाटी वाचा.”