कोंडाईची पखाल

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची, ते उंबरकड्याच्या डोंगराला ठाऊक. पण डोंगर काही बोलत नाही, म्हणून मला बोलावं लागतंय. तेव्हा जरा पुढे सरकून बसा, आणि मागच्यांनी कुजबुज बंद करा.

या डोंगराच्या पायथ्याशी उंबरकडा नावाचं गाव होतं. गावाला विहीर नव्हती. खडकच असा, की पहार घातली तर पहार वाकायची. गावापासून हाकेच्या अंतरावर एक कुंड होतं, त्यात बारमाही पाणी असायचं, आणि त्याच पाण्यावर माणसं, गुरं, पाखरं सगळी जगायची. गावकुसाबाहेर कातडं कमावणाऱ्यांची तीन-चार घरं होती. त्यातल्या एका घरात कोंडा नावाची बाई राहायची. तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईबापांनी हिचं नाव मुद्दाम हलकं ठेवलं. म्हटलं, कोंड्याकडे कोण मरायला बघतंय! यमानंही बघितलं नाही. पोर जगली, आणि अशी चिवट निघाली की बोलायची सोय नाही.

कोंडा पखाली शिवायची. पखाल म्हणजे पाणी वाहायची कातड्याची मोठी पिशवी, बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी. ती शिवणारे तालुक्यात पुष्कळ होते, पण कोंडाच्या पखालीतून थेंब गळत नसे. बाभळीची साल आणि हिरडा घालून ती कातडं असं मुरवायची की ते हाताला लोण्यासारखं लागायचं. शिवायला दोरा नाही, कातड्याचीच बारीक वादी. आरीनं भोक पाडायचं ते वादीहून लहान, आणि वादी दातओठ खाऊन ओढायची. शिवण नेहमी वरच्या अंगाला, म्हणजे पाण्याचा भार टाक्यांवर येत नाही. ती म्हणायची, "पानी लई चोर असतंय. दार लावलं का खिडकी हुडकतंय."

तर या कोंडानं एकदा एक वेगळीच पखाल केली. करडाच्या कातड्याची, लहानशी. भरली तर पाठीवर मावावी, रिकामी झाली तर गुंडाळून कमरेला बांधावी आणि वर पदर घ्यावा, की कुणाला कळूही नये. सालीसाठी ती दिवसदिवस डोंगरात हिंडायची, प्यायच्या पाण्याला नेलेली मडकी फोडून फोडून कंटाळली होती, म्हणून ही खटपट. गुंडाळायची, बरं का, घडी घालायची नाही. घडी घातली की त्याच रेघेवर कातडं चिरतं. गावानं ती पखाल पाहिली आणि गाव पोट धरून हसलं. कुणी म्हणालं, "कोंडे, पखालीला पिल्लू झालं का गं?" तेव्हापासून त्या पखालीचं नावच पडलं पिल्लू. उंबरकड्याची ही जुनी खोड आहे. आधी हसायचं, मग शहाणं व्हायचं.

त्या पिल्लाची एक रीत मात्र होती. सुकल्यावर वादी आक्रसते आणि टाक्याचं भोक उघडं राहतं. म्हणून भरायच्या आधी पखाल पाण्यात बुडवून ठेवायची. वादी पाणी पिऊन फुगली की भोकं आपोआप बुजतात. घाई केली तर गळणार म्हणजे गळणारच.

आणि मग एका वैशाखात पेंढारी आले.

गावाला वेळेवर कळलं एवढंच नशीब. लोकांनी दाणागोटा, पोरंबाळं उचलली आणि अर्ध्या डोंगरातल्या मोठ्या कपारीत जाऊन लपले. कपारीच्या तोंडावर करवंदीच्या जाळ्या, खालून पाहिलं तर नुसता कडा दिसायचा. पेंढाऱ्यांना गाव रिकामं सापडलं. त्यांनी घरं उकरली, काही मिळालं नाही, आणि त्यांचा म्होरक्या हुशार, त्यानं काय करावं? कुंडाकाठी तळच ठोकला. तो म्हणाला, "माणसं गेली असतील कुठंही. पाण्याला इथंच येतील."

कपारीतलं पाणी संपायला कितीसा वेळ लागतो! सगळ्यांत आधी हाल सुरू झाले ते थोरल्या पाटलीणबाईंच्या सुनेचे. ती कपारीतच बाळंत झाली होती. अंगावरचं दूध आटलं, आणि बाळ रडायचं, पण आवाज निघायचा नाही. शेवटी पाटलांचा गडी भिवा घागर घेऊन खाली उतरला. हातात घागर पाहिल्यावर आणखी काय विचारायचं? पेंढाऱ्यांनी त्याला कुंडावरच धरलं. 'बाकीचे कुठं' म्हणून त्याला फार मारलं. भिवा बोलला नाही. तो परतही आला नाही.

त्यानंतर कुणी उतरेना. तेव्हा पलीकडच्या कोपऱ्यातून कोंडा उठली. तिथंसुद्धा तिचं बिऱ्हाड वेगळं कोपऱ्यात होतं, हे सांगायला नकोच. तिनं पिल्लू गुंडाळून कमरेला बांधलं, वर लुगडं सारखं केलं, आणि आपल्या सुनेला, म्हाळसाला म्हणाली, "मोकळ्या हाताच्या म्हातारीला कोन इचारतंय?"

भर दुपारी, दगड भाजत असताना ती उतरली. वाटेत वाळकी लाकडं गोळा केली, मोळी डोक्यावर घेतली, आणि सरळ कुंडावर जाऊन पाण्यात पाय सोडून बसली. पिल्लू पायाखाली पाण्यात, आणि वर तिचे दोन्ही पाय. आता टाके फुगेपर्यंत हलायची सोय नाही. तेवढ्यात एक पेंढारी घोड्याला पाणी पाजायला आला.

"ए म्हातारे, काय करतेस इथं?"

"पाय भाजले रं बाबा. निवू दे वाईच."

घोडा पाणी प्यायला, तिच्या गुडघ्याला नाक लावून फुरफुरला. तो माणूस उभाच राहिला. कोंडाची छाती अशी धडधडत होती की पाण्यावर लाटा उठतील असं तिला वाटलं. शेवटी घोडा वळला, माणूस गेला. मग तिनं पखाल भरली, तोंडाला दुहेरी मुडप घालून दोरीनं आवळली, पाठीवर लुगड्याखाली बांधली, मोळी उचलली आणि चालू लागली. उतरताना ताठ असलेली म्हातारी चढताना कुबडी झाली होती, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. मागे धुळीत एक थेंब पडला नव्हता. असं म्हणतात की त्या दिवशी वाऱ्यानंसुद्धा श्वास धरला होता.

कपारीत पाणी आलं, आणि पाण्याबरोबर वादही आला. कातड्याचं पाणी, तेही कोंडीच्या हातचं, प्यायचं कसं? बाहेर मरण बसलेलं आणि आत यांचा विटाळ बसलेला! पण तहान मोठी वकील असते. एकेक जण डोळे मिटून प्यायला. बाळंतीण प्यायली, बाळाच्या तोंडात दुधाचे चार थेंब गेले. कोंडा पुन्हा उतरली, पुन्हा आली. असे काही दिवस निघाले.

आता ऐका, घोटाळा इथं झाला. थोरल्या पाटलीणबाई, सगुणाबाई त्यांचं नाव, मनानं वाईट नव्हत्या. उलट बाईच्या मनात कोंडाबद्दल माया दाटून आली होती. पण सुनेच्या पोटात रोज ते पाणी जातंय, देवाला काय सांगायचं, हा किडा काही डोकं सोडेना. तेव्हा एके सकाळी कोंडा दमून झोपली असताना त्यांनी पखाल उचलली, राखेनं चांगली खसखसून घासली, आणि शुद्ध व्हावी म्हणून कपारीच्या तोंडाशी उन्हात वाळत घातली. पितळेची कळशी शुद्ध करावी तशी कातड्याची पखाल शुद्ध केली!

कोंडा उठली तेव्हा पखाल पापडासारखी वाजत होती. राखेनं कातड्यातलं तेल खाल्लं होतं आणि उन्हानं वाद्या. तिनं टाक्यांवरून बोट फिरवलं आणि खाली बसली.

"पाटलीनबाई, ह्ये काय केलंत?"

सगुणाबाईंना आधी कळेना. कळलं, तशी त्यांनी बाळाच्या अंगाला लावायचं उरलंसुरलं तेल आणून पुढे ठेवलं. कोंडानं ते सगळं टाक्यांत चोळलं, रागानं नाही, पोराचं अंग चोळावं तसं. म्हणाली, "फुगतील टाकं. पर किती येळ धरतील, त्ये माझ्या हातात न्हाई." तिकडे बाळ मान टाकायला लागलं होतं. ती उतरली.

त्या दिवशी ती कुंडात नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली. इतका वेळ, की तो घोडेवाला दोनदा येऊन गेला आणि दुसऱ्यांदा त्यानं वळून पाहिलं. पखाल भरली, टाके धरलेले दिसले, ती निघाली. अर्ध्या चढावर आल्यावर तिच्या टाचेवर काहीतरी गार पडलं.

तिनं मागे पाहिलं. धुळीत थेंबाथेंबाचे खळगे पडले होते. थेंब उन्हात वाळतो, खळगा राहतो. आणि खाली वळणावर तो घोडेवाला वाकून तेच खळगे बघत होता. त्यानं शीळ घातली, तशी आणखी माणसं धावत आली.

विचार करा, काय करावं तिनं? वर गेली, तर थेंब कपारीच्या दारापर्यंत नेऊन सोडणार. पाणी ओतून टाकलं, तर थेंबांची वाट इथंच संपणार, आणि कपार तिथून दोन कासऱ्यांवर, अगदी डोळ्यांसमोर. त्या जागी वाटेला दोन फाटे होते. एक वर कपारीकडे, दुसरा पलीकडे बोडक्या माळाकडे. त्या माळावर झाड नाही, पाणी नाही, काही नाही. कोंडा माळाकडे वळली.

कपारीतून सगळे बघत होते. कुणीतरी दात चावून म्हणालं, "पळाली! पानी घिऊन पळाली सटवी!" सगुणाबाईंना वाटलं, माझ्यामुळेच गेली, रागावून गेली. म्हाळसा तेवढी फाट्यावर नजर लावून होती. मग फाट्यावर पेंढारी आले, खाली बघत बघत माळाकडे वळले, तेव्हा कुठं कपारीला कळलं, कोंडा तिकडे का वळली ते.

पुढचं कुणी पाहिलेलं नाही, पण गावानं ते जपून ठेवलंय. असं म्हणतात की पेंढाऱ्यांना थेंब दिसत, म्हातारी दिसत नसे. असं म्हणतात की करडाएवढी ती पखाल, पण तिच्यातलं पाणी संपेचना. एक टेकडी झाली, दुसरी झाली, थेंब पुढे चाललेले. म्होरक्या म्हणाला, जिथं पाणी इतकं सांडून चालतंय तिथं केवढं तळं असेल, केवढं गाव असेल! मग मागे राहिलेल्यांनाही त्यानं बोलावून घेतलं. सगळा तळ उठला आणि थेंबांमागे निघाला. तहानेनं घोडी आडवी झाली, माणसं वाट चुकली, एकमेकांवर उठली. काही म्हणतात, ते माळावरच संपले. काही म्हणतात, पलीकडे उतरून दुसऱ्या मुलखात गेले. उंबरकड्याला मात्र ते पुन्हा कधी आले नाहीत.

कुंड मोकळं झालं. लोक खाली धावले, गुरांसारखे पडून पाणी प्यायले. बाळ वाचलं. त्याचे वंशज गावात आहेत, तुमच्यातही एकदोघं बसले असतील.

मग लोक कोंडाला शोधायला निघाले. पुढे म्हाळसा, मागे सगुणाबाई, मागे सारं गाव. धुळीतले खळगे धरून ते माळ चढले, उतरले, पुन्हा चढले. एका खडकाला टेकून कोंडा बसली होती. ओठ चिरले होते, जीभ सुकून काळी पडली होती. तहानेनं मेली होती ती. पखाल मांडीवर होती, टाक्यांची बाजू खाली धरलेली, म्हणजे पाणी तिथून थेंबथेंब गळत राहील. म्हाळसानं ती उचलली. आत अजून एक घोट पाणी होतं.

म्हाळसा हंबरडा फोडून रडली. सगुणाबाई रडल्या नाहीत. त्या मागे वळल्या आणि त्यांनी गावाला विचारलं, "इतके दिवस तिनं पाणी आणलं. कपारीत तिला पाणी पिताना कुणी पाहिलं?"

कुणी पाहिलेलं नव्हतं. कुणी तिला विचारलंच नव्हतं.

सगुणाबाईंनी पखाल घेतली, तिचं तोंड सोडलं आणि म्हाळसापुढे धरली. म्हणाल्या, "आधी तू पी."

म्हाळसा बिचकली. "उष्टं हुईल, बाई."

"होऊ दे."

म्हाळसानं ओठ ओले केले. मग त्याच तोंडाला तोंड लावून पाटलीणबाई राहिलेलं पाणी प्यायल्या, सगळ्या गावासमोर.

तेव्हापासून उंबरकड्यात पाणी जो आणेल तो आधी पितो. पाहुणा दारात ताटकळत असला तरी बाई कळशी उतरवून आधी आपण घोट घेते, मग त्याला देते. लग्नात नवी सून पहिली कळशी आणते, तेव्हा ती सगळ्या पंगतीसमोर आधी स्वतः पिते, आणि सासू तिच्यानंतर. आता उन्हाळ्यात टँकर येतो. बायका हंडे घेऊन कितीही भांडोत, पहिला पेला त्या टँकरच्या ड्रायव्हरच्या हातात देतात. कुठल्या जातीचा, कुठल्या गावचा, कुणी विचारत नाही. नवा ड्रायव्हर असला की तो संकोचतो, म्हणतो, मला तहान नाही.

बायका पेला खाली ठेवत नाहीत. त्या म्हणतात, "आधी तू पी, बाबा. तहान न सांगता गेलेली एक होती आमच्यात."