तगरचं पीठ फुगेना

डोंगराच्या अगदी टाळूवर, हात उंचावला तर ढगाला बोट लागेल अशा जागी एक गाव होतं. त्या गावात तगर नावाची एक चिमुरडी आपल्या आईबरोबर राहायची. घर इवलंसं, कौलं फुटकी. पण अंगणात मातीची भट्टी होती. त्या भट्टीत आई पाव भाजायची. गुबगुबीत, बदामी, वरून चकचकणारे पाव! त्या पावांवरच मायलेकींचं पोट चालायचं.

पण त्या हिवाळ्यात आई तापाने फणफणली. तिला उठून बसवेना. मग तगरने एकटीनेच पीठ मळलं आणि आईने जपून ठेवलेला खमिराचा गोळा त्यात घातला. रोजच्या फुगलेल्या पिठातून एक गोळा उद्यासाठी काढून ठेवायचा, अशी आईची रीत होती. आता एवढाच गोळा उरला होता. आज पीठ फुगलं नाही, तर खमीर मरणार. मग उद्या पाव नाहीत, परवा नाहीत, कधीच नाहीत!

"उबेला ठेव गं त्याला," आई ग्लानीत पुटपुटली. "खमिराला गारठा सोसत नाही."

पण ऊब होती कुठे? चुलीपाशी पातेलं ठेवावं, तर चूल गार. सरपण धुक्याने ओलंचिंब झालेलं, आणि जी थोडी कोरडी लाकडं होती ती जाळली तर पाव कशावर भाजायचे? कणगीआड ठेवावं, तर तिथे भिंतीच्या फटीतून वारा शिरत होता. घरातली एकुलती एक गोधडी आईच्या अंगावर होती. तगर सारखी फडकं उचलून बघायची. पीठ आपलं ढिम्म! पांढरंफटक, गारगार.

एखादा तरी कवडसा मिळेल म्हणून ती पातेलं पोटाशी धरून परसात गेली. तिथे शेवंतीच्या पिवळ्या फुलावर काहीतरी लुकलुकत होतं. जवळ जाऊन बघते तर काय, बोटाएवढी परी! झगा हळदुला, केस केशरी. पण निळे-जांभळे पंख दवाने गोठून एकमेकांना चिकटलेले. बिचारी कुडकुडत होती.

"अगंबाई!" तगर म्हणाली. उशीर होतोय हे ठाऊक असूनही तिने पातेलं खाली ठेवलं, परीला ओंजळीत घेतलं आणि हलकेच फुंकर घातली. हाऽ... हाऽ... दवाचे मणी टपटप गळले. पंख फडफडले आणि सगळ्या वाफ्यावर चंदेरी चमचम सांडली.

"गुणाची गं माझी चिमणी," परी म्हणाली. "सूर्य समोरच्या डोंगराआड जाईपर्यंत तुझ्या तीन इच्छा पुऱ्या करीन. पण नेम ऐक. मला नवी ऊब करता येत नाही. एकाची घेते, तेव्हाच दुसऱ्याला देते."

सूर्य डोंगराकडे कलला होता. तगरने धड ऐकलंही नाही. "माझ्या पिठाला ऊब दे!" ती घाईघाईने म्हणाली.

परीने बोट फिरवलं. पातेलं कोमट झालं. पिठावर एक बुडबुडा आला, मग दुसरा! तगरने टाळ्या पिटल्या. तेवढ्यात खुराड्यातून कोंबडीचा कळवळलेला आवाज आला. तगर धावली. कोंबडी पिसं फुलवून अंड्यांवर बसली होती, पण पोटाखालची अंडी गारठत चालली होती. कोंबडी त्यांना चोचीने पुन्हा पुन्हा जवळ ओढत होती.

"परीताई, तिची ऊब घेतलीस?"

"जवळ तीच होती गं."

तगरने पिठाकडे पाहिलं. बुडबुडे कसे छान नाचत होते! तरी ती म्हणाली, "परत दे तिला. आत्ताच्या आत्ता!"

अंडी उबदार झाली. पीठ खाली बसलं.

"आता एकच इच्छा उरली," परी हळूच म्हणाली.

सूर्याची नुसती लाल कड दिसत होती. गोठ्याच्या दारात शेळीचं करडू आईला बिलगलं होतं. त्याची ऊब? छे, छे! तगरने डोळे गच्च मिटले. "माझी घे."

"तुला ती परत कधी मिळेल, मला सांगता यायचं नाही हं."

तगर घाबरली. तरीही तिने मान हलवली.

आधी कान गार पडले, मग नाक, मग बोटं. सगळी ऊब झुळझुळत पातेल्यात उतरली. दात कडकड वाजू लागले. पातेलं कवटाळून ती कशीबशी आईपाशी पोचली.

"अगं, बर्फ झालीस की पोरी!" आई दचकून जागी झाली. "ये, आत ये." तिने पोर आणि पातेलं, दोन्ही गोधडीत ओढून घेतलं आणि पोटाशी घट्ट धरलं.

आईचं अंग निखाऱ्यासारखं तापलं होतं. तो ताप हळूहळू तगरच्या गारठलेल्या हातापायांत झिरपू लागला. तगरची बोटं हलली, गाल गुलाबी झाले. आणि आईच्या कपाळावर घामाचे थेंब चमकले! तिने डोळे उघडले. स्वच्छ, शांत डोळे. "किती दिवसांनी हलकं वाटतंय गं," ती म्हणाली.

"आई, ताप उतरला!"

"अगं, आणि हे बघ!"

दोघींच्या मधे पातेल्यावरचं फडकं टम्म वर आलं होतं. खाली पीठ मऊ, गुबगुबीत फुगलं होतं.

खिडकीत परी हसत बसली होती. "परीताई, ही ऊब तू दिलीस?" तगरने विचारलं.

"मी फक्त तुझी घेतली. ही तुझ्या आईने दिली. आणि हे माझ्याकडून, न मागता." परीने पंखाचं टोक भिंतीच्या कोपऱ्याला लावलं. सोनेरी, गुलाबी, पोपटी उजेड घरभर उसळला, आणि त्यात परी साखरेसारखी विरघळून गेली.

तेव्हापासून तो कोपरा कधी गार पडला नाही. कुणी पिठाची परात घेऊन येई, कुणी आजारलेलं कोकरू. वाटसरू कुडकुडत दाराशी आला, तर कोण, कुठला हे तगर विचारायची नाही. सरकून जागा करायची आणि म्हणायची, "या, टेका पाठ."