म्हाताऱ्या सशाची जोड

जंगल जिथे संपते आणि माळ सुरू होतो, तिथल्या उंच गवतात सशांची एक वस्ती होती. मुलांनो, ससा भित्रा असतो असे तुम्ही ऐकले असेल. ज्याने तसे सांगितले, त्याने दोन ससे मागच्या पायांवर उभे राहून एकमेकांना ठोसे लगावताना कधी पाहिले नसणार! थंडी सुरू झाली की या वस्तीत बाभळीखालच्या मऊ मातीत आखाडा भरत असे. जो खाली पडला तो हरला, एवढा एकच नियम. जो शेवटपर्यंत उभा राहील, त्याला आखाड्याच्या कडेच्या सपाट दगडावर बसण्याचा मान मिळावा, असे ठरले होते. सकाळचे पहिले कोवळे ऊन त्या दगडावर पडत असे.

त्या वर्षी एका तरुण सशिणीने मैदान मारले. आदल्या वर्षीही तिनेच मारले होते. पण ती दगडाकडे निघाली, की एक म्हातारे कासव कवचातून मान बाहेर काढून तिच्या वाटेत उभे राही.

"थांब, थांब! ती जागा आमच्या पैलवानाची आहे."

"पण जिंकले तर मी!"

"जिंकलीस गं. पण कोणाशी? या चिल्ल्यापिल्ल्यांशी! पैलवान असता तर पहिल्या ठोशाला लोळली असतीस."

पैलवान म्हणजे एक म्हातारा ससा. त्याला आखाड्यात कोणी कधी हरवले नव्हते. त्याला लढताना पाहिलेले आता थोडेच उरले होते, आणि त्या थोड्यांना तो रोज जास्त जास्त आठवत असे. एक टिटवी म्हणे, "त्याने एका ठोशात कोल्ह्याचा दात पाडला होता!" पुढच्या वर्षी तीच टिटवी म्हणे, "दोन दात!" तरुण ससेही काही कमी नव्हते. ते म्हणत, "आमच्या चपळाईपुढे तुमचा पैलवान दोन उड्याही टिकला नसता." मग दिवसभर वाद चाले. सशीण बाजूला उभी राहून ऐके. तिच्या अंगावर नुकत्याच झालेल्या लढतीची माती असे, आणि तिच्याकडे कोणाचेही लक्ष नसे. मी लढते तेव्हा हे डोळे मिटून घेतात की काय, असे तिला वाटे.

एकदा वाद असाच रंगला असताना फांदीवरचा कावळा म्हणाला, "अरे, घसा कशाला कोरडा करता? पैलवान अजून जिवंत आहे. ओढ्यापलीकडे राहतो. लावा की जोड, होऊन जाऊ दे सामना!"

तो जिवंत आहे, हे बहुतेकांच्या ध्यानातच नव्हते.

"लावा!" सशीण म्हणाली. "मी जिंकले तर दगड माझा, आणि पैलवानाचे नाव पुन्हा माझ्यापुढे काढायचे नाही. कबूल?"

"कबूल," कासव म्हणाले. "आणि हरलीस तर दगडाकडे पुन्हा बघायचे नाही."

कावळ्याने ओढ्यापलीकडे जाऊन निरोप दिला, "पैलवान, उद्या सकाळी आखाड्यात तुम्हाला जोड आहे. येणार का?" परत येऊन तो म्हणाला, "लगेच हो म्हणाला. आनंदाने उडीसुद्धा मारली. पडला, पण मारली."

दुसऱ्या दिवशी सकाळी सारी वस्ती बाभळीखाली जमली. सशीण आखाड्यात उभी राहून पाय मातीत घट्ट रोवत होती. आज एक ठोसा नीट बसला की झाले, इतक्या दिवसांची कटकट मिटणार होती. तेवढ्यात गवत हलले आणि म्हातारा ससा बाहेर आला.

"आले, आले! बघा ती चाल!" कासव ओरडले.

चाल म्हणजे तो लंगडत होता. त्याचा एक कान फाटलेला होता. पण दोन्ही कान त्याने चाटून स्वच्छ केले होते. डोळ्यांवर धुके उतरावे तशी पांढरट साय आली होती. आणि तोंडात त्याने हिरव्यागार हरळीची जुडी धरली होती.

"कुठे आहे माझी जोड?" त्याने जुडी खाली ठेवून विचारले.

"मी इथे आहे. तुमच्यासमोर," सशीण म्हणाली.

आवाजाच्या रोखाने त्याने ती जुडी नाकाने तिच्यापुढे सरकवली. "घे. ओढ्याकाठची आहे. कोवळी."

वस्तीत खसखस पिकली. "लाच! पैलवान लाच देतोय!" कावळा ओरडला.

म्हातारा ससा गोंधळला. "का? जोडीला रिकाम्या हाताने भेटू नये, अशी आमच्यात रीत होती. आता नाही का?"

सशिणीने वर उचललेला पंजा तसाच राहिला. "आजोबा," तिने विचारले, "तुमच्या वेळी जोड कोणाला म्हणत?"

"कोणाला म्हणजे? जिच्याबरोबर रोज सराव करायचा ती जोड. ठोसा चुकला तर ती सांगते, पडलो तर ती उठवते. ज्याला हरवायचे तो सामनेवाला. सामनेवाले पुष्कळ असतात पोरी, जोड एकच असते. माझी जोड ससाण्याने नेली. त्यानंतर मी आखाड्यात आलो नाही. सगळे म्हणाले, पैलवानाने न हरता आखाडा सोडला, केवढा शहाणा! मी कुठे सोडला होता? मला जोड उरली नव्हती. काल कावळा म्हणाला, तुम्हाला जोड आहे. मला वाटले, कोणाला तरी माझ्याबरोबर सराव करायचा आहे."

सशीण कासवाकडे वळली. तिचे कान रागाने ताठ झाले होते. "कासवकाका, तुम्हाला यांचा एकूण एक ठोसा आठवतो. एवढा एक शब्द आठवला नाही?"

कासवाने मान कवचात ओढून घेतली.

"शब्दाचे काय घेऊन बसलीस?" कावळा ओरडला. "मार ना! की घाबरलीस?"

"मार, आणि यांची तोंडे बंद कर एकदाची!" तरुण ससेही ओरडू लागले.

सशिणीला कळत होते, की आज ती लढली नाही, तर तिने कच खाल्ली असे ही मंडळी जन्मभर म्हणतील. आणि दरवर्षी त्यात भर घालतील. समोरचा म्हातारा ससा दोन्ही पंजे अगदी नेमके उचलून उभा होता. मात्र ती उभी होती तिथे नव्हे, तिच्या जरा डावीकडे, बाभळीच्या सावलीकडे तोंड करून. हलकासा धक्का दिला असता तरी तो पडला असता.

तिने पंजा खाली घेतला. वाकून हरळीची जुडी उचलली आणि सगळ्यांच्या देखत ती खाऊ लागली. खाऊन झाल्यावर म्हणाली, "आज सामना नाही. माझी जोड आली आहे. आणि तो दगड तुमचा तुम्हाला लखलाभ!"

"कुठला दगड?" म्हाताऱ्या सशाने विचारले.

"तुमच्या मानाचा," टिटवी अभिमानाने म्हणाली. "तुम्ही आखाडा सोडल्यावर आम्ही हा मान सुरू केला, आणि इतकी वर्षे दगड रिकामा ठेवलाय! कोणाला बसू म्हणून दिले नाही. काय सुंदर ऊन येते त्याच्यावर!"

"ऊन येते?" म्हातारा ससा थक्क झाला. "अहो, मग मला सांगायचे तरी! माझी कंबर थंडीत अशी धरते, की सकाळी उठवत नाही."

टिटवी लगबगीने दगडावरचा पालापाचोळा पंखांनी झाडू लागली.

सशीण एक पाऊल सरकून बरोबर त्याच्या पंजांसमोर आली. "चला आजोबा. मारा."

त्याचा ठोसा आला. सावरीचा कापूस उडत येऊन अंगाला लागावा तसा लागला. तिने तो पंजावर झेलला आणि उलट ठोसा मारला. त्याने मान किंचित वळवून तो चुकवला.

"दिसले तुम्हाला?"

"ऐकू आले. ठोसा मारायच्या आधी तू श्वास रोखतेस. सगळ्या जगाला कळते. पुन्हा मार. आणि हळू नको मारूस, मला राग येतो."

तिने पुन्हा मारला. पुन्हा चुकला. मग श्वास चालू ठेवून तिने मारला, तो बरोबर बसला. म्हातारा ससा मागे कलला आणि धपकन मातीत पडला. ज्याला आजवर कोणी पाडले नव्हते, तो पडला होता! सशीण धावत पुढे गेली, तर तो पोट धरून हसत होता.

"बसला! काय सुंदर बसला! उठव आता, वाट कसली बघतेस?"

तिने खांदा त्याच्या काखेखाली घातला आणि त्याला उभे केले. त्याच्या पाठीवरची माती ती झटकत असताना कासवाची मान हळूच बाहेर आली. इतक्या वर्षांची खोड, ती थोडीच एका सकाळी जाते!

"पैलवान, एकच सांगा. तुमच्या ऐन उमेदीत ही समोर असती, तर तुम्ही हिला लोळवली असती ना?"

सगळ्यांनी कान टवकारले. म्हाताऱ्या सशाने पांढरट डोळे सशिणीच्या दिशेने वळवले.

"माझ्या ऐन उमेदीत ही असती," तो म्हणाला, "तर मी रोज सकाळी हरळी घेऊन हिच्याकडेच आलो असतो."

सशीण म्हणाली, "उद्या तुम्ही येऊ नका. ओढ्याला पाणी आहे. मी येते."

तात्पर्य : काल थोर की आज, याचा निवाडा करत बसणारा दोन्हींना मुकतो; थोरांचे गुण गायचेच असतील, तर आधी त्यांच्या दारी जाऊन त्यांना हवे-नको विचारावे.