एक फोडायची, बाकीच्या घ्यायच्या

एका गावात महिपती नावाचा एक भोळा माणूस राहत होता. सांगितलेलं सगळं तो मनापासून ऐकायचा. तेवढाच त्याचा दोष. गावातले हुशार लोक समितीवर होते आणि समितीवरच्या माणसाने काम करायचं नसतं. म्हणून दूध केंद्राच्या फरशीची तपासणी महिपतीकडे आली.

गावाला केंद्र नव्हतं. बायका रोज दुधाचे कॅन डोक्यावर घेऊन टेकडी ओलांडायच्या. महिपतीची बायको अनसूया सगळ्यांच्या पुढे. डेअरीचे साहेब म्हणाले होते, "केंद्र देतो. पण भरलेला कॅन आपटला तरी फरशी तडकता कामा नये. मी स्वतः लोखंडी गोळा टाकून बघणार. तडकली, तर केंद्र टेकडीपलीकडेच राहील." जाताना एक गोळा ठेवून गेले. "घेताना तुम्हीही छातीच्या उंचीवरून टाकून बघा."

फरश्यांचा टेंपो आला. महिपतीने दोन दगड मांडले, त्यांवर फरशी आडवी ठेवली आणि गोळा सोडला. फुटली. दुसरी ठेवली. तीही फुटली. संध्याकाळपर्यंत टेंपो रिकामा झाला.

"एकही पास नाही," तो ऐटीत म्हणाला.

अनसूयेने कपाळाला हात लावला. "अहो, खाली पोकळ ठेवल्यावर फुटणारच की. आधार भक्कम पाहिजे. आणि सगळ्या कशाला? तपासायला एक फोडायची, बाकीच्या घ्यायच्या."

"असं आधी सांगायचं ना."

समितीने खेदाचा ठराव केला आणि चहा घेतला. दुसरा टेंपो अनसूयेने स्वतः उभं राहून तपासला, गवंड्याकडून फरशी बसवून घेतली. महिपतीला तेवढ्यात बाजारात पाठवलं, केंद्रासाठी माठ आणायला.

महिपतीने कुंभाराच्या दारात भक्कम दगड शोधला. माठ ठेवला. गोळा सोडला. एक फुटला. मग बाकीचे सगळे घेतले. गाडीभर माठ खडखडत घरी आले, तोवर निम्म्यांची खापरं झाली होती.

"अहो, माठ टिचकी मारून बघतात," अनसूया म्हणाली. "आणि फुटायची वस्तू असली की आधी गवत पसरायचं. एवढंही कळू नये?"

"असं आधी सांगायचं ना."

साहेब आले. केंद्राचं दार उघडलं, तर आत गुडघाभर गवत.

"इथे म्हशी बांधणार का?" साहेबांनी विचारलं.

"फुटायची वस्तू आहे, साहेब," महिपती म्हणाला.

बायकांनी भराभर गवत काढलं. साहेबांनी गोळा सोडला. टण्ण. गोळा चांगला वर उसळला. फरशीवर साधा ओरखडाही नाही.

"गोळा उसळतो म्हणजे फरशी पक्की," साहेब म्हणाले. "जेवून येतो, मग सही करतो."

अनसूयेने डोक्यावरची चुंबळ कोपऱ्यात भिरकावली. सगळे अध्यक्षांच्या घरी जेवायला गेले. महिपती राखणीला राहिला.

राखण करता करता त्याला घाम फुटला. एकही फरशी फुटली नव्हती. मग साहेब बाकीच्या घेणार कशा? अनसूयेचं केंद्र जाणार.

त्याने गोळा सोडला. टण्ण. पुन्हा सोडला. पुन्हा टण्ण. अशी हट्टी फरशी त्याने पाहिली नव्हती. मग त्याला आठवलं, खाली पोकळ पाहिजे. त्याने पहार आणली.

साहेब ढेकर देत परतले, हातात उघडं पेन. खोलीच्या मधोमध कमरेएवढा खड्डा होता. खड्ड्यात दोन दगड, त्यांवर फरशीचे दोन तुकडे. शेजारी घाम पुसत महिपती.

"अखेर फुटली, साहेब," तो म्हणाला. "आता बाकीच्या बिनघोर घ्या."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनसूयेने कोपऱ्यातली चुंबळ उचलली, झटकली आणि महिपतीच्या डोक्यावर ठेवली. दारात साऱ्या बायकांचे कॅन रांगेने मांडले होते.

"आजपासून सगळ्यांचं दूध तुम्ही न्यायचं. टेकडीपलीकडे. कळलं?"

महिपतीने रांगेकडे नीट पाहिलं. या खेपेला चूक करायची नाही, असं त्याने ठरवलं होतं.

"कळलं," तो म्हणाला. "फक्त यातला तपासायला सांडायचा कुठला, ते आधी सांग."