भिवा तारीचा कौल

खाडीवर पूल होईल असं कुणी म्हटलं तर लोक त्याला वेड्यात काढत, इतक्या जुन्या काळातली ही गोष्ट. आंबेखोल गावात तेव्हा भिवा तारी होता. तारी म्हणजे होडीतून माणसं पार नेणारा. पाण्याखालची वाळू कुठे सरकली, हे त्याला हातातल्या बांबूच्या टोकाने कळायचं. त्याच्या होडीत कधी कुणाचं पाऊलसुद्धा भिजलं नाही, असं म्हणतात.

काठावरच रवळनाथाचं देऊळ. बारा गावची माणसं भिवाने देवाच्या दारात आणून सोडली, पण त्याला स्वतःला तिथे निवांत बसायला मिळालं नाही. पुराण सुरू झालं की तो मागे टेकून बसायचा. कथा रंगात यायची आणि पलीकडून हाक यायची, "तारीऽऽ!" की उठला भिवा. प्रल्हादाला खांबाशी उभं केलेलं त्याने कितीदा ऐकलं. खांबातून कोण आलं, ते कधीच नाही.

चाळिशी आली तेव्हा त्याने धाकट्या भावाला होडी शिकवली आणि दाजी गुरवासमोर हात जोडले. "हात धड आसत तवसर माका बसाक दी. येक पुराण पुरा आयकाचा आसा."

गाव हबकलं. भाऊ झाला तरी भिवाची सर त्याला कुठली? मानकरी म्हणाले, "हात चलतत तोपर्यंत बसणा म्हणजे देवाक पाठ दाखवणा."

दाजीलाही ते पटलं. आठव्या वर्षापासून तो देवाची पूजा करत होता. देवाने दिलेलं काम देवानेच काढून घ्यावं, असं त्याच्या बापाने त्याला शिकवलं होतं. तरी रीतीप्रमाणे कौल लावायला हवाच. देवाच्या अंगावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उजवी लवकर सुटू नये म्हणून दाजीने तिला गुपचूप दाट गंध लावलं. देवाच्या मनातलंच आपण करतोय, असं त्याला खरोखर वाटलं. डावी पडली. भिवाने नमस्कार केला आणि तो होडीकडे गेला.

अशी अकरा वर्षं गेली. दर जत्रेला भिवा विचारी, दर जत्रेला डावी पडे. त्याची बोटं बांबूच्या मापाने वाकली ती वाकलीच. पुढे पुढे त्याला नमस्काराला हातही जोडता येईनात. ते पाहून दाजीला अन्न गोड लागेना. आपण देवाच्या नावाने माणूस जुंपला, हे त्याला कळून चुकलं होतं, पण सांगायला तोंड कुठे होतं?

बाराव्या वर्षी दाजीने गंध लावलं नाही. पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं, लोकांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि तेवढ्यात पलीकडून हाक आली. भिवा सवयीने उठला. "थांब रे, भिवा," दाजी म्हणाला. "देवाचा उत्तर ठरलेला आसा," भिवा म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला. त्याच्या पाठीमागे उजवी पाकळी पडली.

होडी अलीकडे लागली तेव्हा भिवा उभाच होता, पण त्याच्यात जीव नव्हता. मुठी कुणाला सोडवता आल्या नाहीत. शेवटी बांबूसकट त्याला चितेवर ठेवलं.

आणि दुसऱ्या दिवशी पलीकडून कुणी हाक मारली, तर रिकामी होडी आपोआप निघाली, असं म्हणतात. गाव भ्यालं का? दोन दिवस. मग लोक निवांत बसून जाऊ लागले.

दाजीला ते बघवेना. त्याने भर देवळात सगळं कबूल केलं. लोक आपल्याला दगड मारतील असं त्याला वाटलं होतं, कदाचित तेच त्याला हवं होतं. पण मानकरी म्हणाले, "बरा केलंस, दाजी. नायतर आमका पल्याड कोणी न्हेला असता?" दाजी त्यानंतर कुणाशी बोलला नाही.

आज पूल आहे, होडी कधीच कुजून गेली. तरी पलीकडच्या काठावर कुणी मोठ्याने हाक मारत नाही. नव्या सुनेला हे आधी सांगतात. आणि जत्रेला पहिला कौल भिवाचा असतो. गुरव साध्या पाण्याने पाकळ्या लावतो आणि विचारतो, "म्हाराजा, भिवाक आता बसाक मेळाला?" सगळं गाव "व्हय म्हाराजा" म्हणतं. आजवर दर वर्षी डावीच पडली आहे. लोक उठून आपापल्या कामाला लागतात.