बंदरावरची पंगत

"पत्रावळींचा आवाज येतोय ना, बाबा? का मलाच येतोय?"

पेंढारकरसाहेबांनी तो आवाज फार पूर्वी ऐकला होता. लहानपणी, दुष्काळाच्या साली. गावच्या अन्नछत्रात पंगत मांडलेली, तांदळाची गाडी आलीच नव्हती, आणि वाळक्या पत्रावळी वाऱ्याने नुसत्या सरसरत होत्या. आज इतक्या वर्षांनी तोच आवाज आला, आणि त्याच्या मागोमाग ते धक्क्यावरून इथवर चालत आले.

दर्ग्याच्या पायरीवर लतीफबाबा फकीर बसले होते. "येणारच," ते म्हणाले. "सकाळपासून मीच मांडतोय."

खाली ओल्या वाळूत पत्रावळींची लांबच लांब रांग होती. उडू नये म्हणून प्रत्येकीवर एकेक खडा. बसलेलं कुणी नव्हतं.

समोर धक्क्याला जहाज उभं होतं, रिकामं. शेजारी तांदळाची पोती रचलेली. सरकारने तांदूळ परदेशी पाठवायला अचानक बंदी घातली होती, आणि बंदीचा नियम पेंढारकरांनीच लिहिला होता. ओहोटी लागली की जहाज तसंच परत जाणार. ज्या बेटावरून ते आलं होतं, तिथे चुली विझत चालल्या होत्या.

"त्याला सोडणं तुमच्या हातात आहे म्हणे?"

"सूट देता येते. पण कशी देऊ? बंदीआधी ज्यात माल भरायला सुरुवात झाली, तीच जहाजं जाणार. हे नुसतं येऊन उभं होतं. एक पोतंही चढलं नव्हतं. आणि इथे भाव भडकलेत, बाबा. आपल्या माणसांना आधी नको?"

"हवंच की... नियम पक्का दिसतोय."

"एक पळवाट नाही त्यात," पेंढारकर जरा ताठ होऊन म्हणाले.

"मग मला अडाण्याला एवढंच सांगा. पंगत कधी सुरू होते? भात वाढल्यावर, की माणसं येऊन बसल्यावर?"

पेंढारकरांनी खाली रांगेकडे पाहिलं.

वारा पडला होता. तरी पत्रावळी सरसरत होत्या. प्रत्येकीमागची वाळू दबली होती, कुणी मांडी घालून बसावं तशी. कावळे दूर बसून होते. एकही पुढे येत नव्हता.

"बाबा... कोण बसलंय?"

"तुमचेच पाहुणे. बेटाशी तांदळाचा सौदा तुम्ही लोकांनी केलात, या म्हणालात. मी नुसती पानं मांडली."

पेंढारकर मागे सरकले. "मला विचार करू द्या. वर विचारावं लागेल. उद्यापर्यंत..."

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं.

रांगेच्या टोकाला एका पत्रावळीवरचा खडा घरंगळला. तिच्यापलीकडे ओल्या वाळूत एक पाऊल उमटलं. लहानसं. मग दुसरं. पावलं पाण्याकडे निघाली, न थांबता, न वळता.

"करा विचार, साहेब," बाबा हळूच म्हणाले. "एक जण पानावरून उठलं."