टीव्हीकडे पाठ केलेली खुर्ची

आपण केलेले काम दुसऱ्यांना दाखवताना तुम्ही कुठे पाहता?

टीव्हीवर एकच वाहिनी होती आणि रविवारचा माहितीपट पाहायला शेजारीपाजारीही येऊन बसत, त्या दिवसांतली ही गोष्ट. एकदा एका वृद्ध माहितीपटकारांकडे एक तरुण मुलगी काम शिकायला आली. मधमाश्या, दीपगृहे, घंटा ओतणारे कारागीर, जुने पूल... गुरूंनी कितीतरी विषयांवर माहितीपट केले होते. शिष्येचा पहिलाच माहितीपट होता मिठागरात राबणाऱ्या ठकूबाईंवर. तो प्रक्षेपणाआधी ठकूबाईंना दाखवायचा, असा गुरूंचा नियम होता.

त्या संध्याकाळी ठकूबाईंच्या पडवीत टीव्ही आणि व्हीसीआर मांडला. शेजारी जमले. माहितीपट सुरू होताच गुरूंनी आपली खुर्ची फिरवली आणि ते टीव्हीकडे पाठ करून बसले. शिष्येचा चेहरा उतरला.

"अगो ठकू, टीव्हीत तू बारीक दिसतेस!" शेजारीण म्हणाली.

"मग आता टीव्हीतच राहते!" ठकूबाई म्हणाल्या. सगळे हसले.

शेवटी शिष्येचा सर्वांत लाडका शॉट आला. दुपारी झोप लागलेल्या ठकूबाईंच्या, मिठाने चिरलेल्या टाचा.

परतीच्या वाटेवर तिला राहवेना. "सर, माझं काम बघवत नव्हतं का?"

"काम सुंदर आहे, पोरी. फक्त तो टाचांचा शॉट काढ."

"तोच तर लोकांच्या लक्षात राहील!"

"एडिटिंगच्या वेळी मलाही फार आवडला होता. पण आज टाचा दिसताच ठकूबाईंनी पाय लुगड्याखाली ओढून घेतले. आपण निघेपर्यंत बाहेर काढले नाहीत. तू टीव्हीकडे पाहत होतीस, पण माहितीपट तर तुला पाठच होता. माझ्या पहिल्या माहितीपटात मी एका घंटा ओतणाऱ्याचं रडणं त्याला न विचारता दाखवलं. खूप वाहवा झाली. पुढच्या वर्षी त्याच्या घरी गेलो, तर आतून चहा आला. तो स्वतः काही समोर आला नाही. तेव्हापासून मी खुर्ची फिरवतो."



दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्येने तो शॉट काढला आणि तसे सांगायला मिठागरावर गेली. ठकूबाईंनी तिला चहा दिला आणि त्या तिच्यासमोर पाय पसरून बसल्या.